आधी गज टाक

दसऱ्याच्या सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, पूजेचं सगळं मांडून झालंय, तेवढी मानाची बंदूक आणून पाटावर ठेव. आपा, म्हणजे माझे वडील वासू परब, विहिरीवर आंघोळीला गेले होते. मी त्यांच्या कामाच्या खोलीत शिरले. खिडकीखाली बंदूक उभी होती आणि नळीच्या तोंडाला लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी असली की बंदूक भरलेली, हे आमच्या घरात रांगतं पोरही जाणत होतं.

मी चिंधी सोडली, बंदुकीचा गज काढला आणि नळीत सोडला.

पूजेला न्यायच्या बंदुकीत गज कशाला टाकायचा, असं कुणालाही वाटेल. पण आपांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाची ती सवय सुटणं शक्य नव्हतं. ठासणीची बंदूक बाहेरून बघून भरलेली की रिकामी ते कळत नाही. दारू, बोळा, गोळी, सगळं तोंडातूनच आत जातं आणि आत काय आहे ते ती नळी जाणे आणि देव जाणे. म्हणून गज आत सोडून बघायचं. आमच्या गजावर कानशीने घासून केलेल्या दोन खुणा होत्या. नळी रिकामी असली तर वरची खूण तोंडाशी यायची, भरलेली असली तर खालची. बंदूक कुणी भरली, कधी भरली, हे विचारत बसायचं नाही. "आधी गज टाक, मगे बोल," हे आपांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेतही कुणी माझ्या हातात बंदूक दिली असती तर मी आधी गज शोधला असता.

त्या सकाळी खालची खूण नळीच्या तोंडाशी थांबली नाही. ती आत बुडाली आणि गज आणखी अंगठाभर खाली जाऊन टेकला. म्हणजे दारू होती, बोळा होता. गोळी नव्हती.

मी गज काढून पुन्हा सोडून बघितला. कारण त्या दिवशी त्या बंदुकीत गोळी नसणं म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं खैरडे गाव घाटाच्या पायथ्याशी. तिथे परबांची दोन घरं, थोरलं आणि धाकटं. आम्ही धाकट्या घरातले. दसऱ्याला रवळनाथाच्या देवळासमोरच्या सातविणीच्या फांदीला नारळ टांगतात आणि मानकऱ्याने मानाच्या बंदुकीने तो उडवायचा, अशी आमच्याकडची रीत. नारळ फुटून खाली आल्याशिवाय कुणी सोनं लुटायचं नाही. मानकरी लागोपाठ तीन दसरे चुकला, तर मान दुसऱ्या घराकडे जातो, आणि त्याच जागी, त्याच बंदुकीने दुसऱ्या घराच्या कर्त्याला नारळ उडवावा लागतो. ठासलेल्या बंदुकीत पुन्हा ठासून कुणाची तरी नळी फुटली होती म्हणे फार पूर्वी, तेव्हापासून मानाची बंदूक भरायचं काम आमच्याच घरात होतं. मान कुणाकडेही असो, बंदूक भरून द्यायची धाकट्या घराने, कारण बंदुकीचं काम येत होतं ते आमच्या घराला.

माझे आजोबा संस्थानाच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, कामाला होते. संस्थान गेलं, शिलेखाना गेला, पण त्यांच्या हातातलं काम गेलं नाही. त्यांनी ते आपांना दिलं. पंचक्रोशीतल्या शेतीच्या राखणीच्या बंदुका आमच्या पडवीत यायच्या. कुणाचा घोडा सैल झालेला, कुणाचा चाप अडकलेला, कुणी दस्ता वाळवीला खाऊ घातलेला. आपा बंदुकीपेक्षा बंदूकवाल्यावरच जास्त काम करायचे. गंजलेला घोडा दगडाने ठोकून आणणाऱ्याला ते म्हणत, "बायलेक असो ठोकतंस काय रे? नाय ना? मगे हिका कित्याक?" काडतुसाच्या बंदुका थोड्या होत्या. त्यांचे मालक वापरलेली काडतुसं पुन्हा भरून घ्यायला आणायचे. आपा एकेक काडतूस बोटांत फिरवून उजेडात बघायचे. जरा फुगलेलं किंवा कडेला चिरलेलं दिसलं, की समोरच कातरीने दोन तुकडे. मालक कळवळायचा. त्यावर आपा सांगत, की काडतुसाचा लोभ करणाऱ्याने आधी आपल्या डोळ्यांचा मोह सोडावा. दारूच्या डब्याच्या खोलीत चूल, विडी, कंदील, काही जायचं नाही. आईने तर तिथे पायातली जोडवी वाजवत आलेलंही चालायचं नाही, ठिणगी पडते म्हणून. आई म्हणायची, ह्यांचं चाललं असतं तर मला लग्नात जोडवीच घातली नसती.

आजोबा गेले आणि त्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला आपांचा नेम चुकला. सगळा गाव चाट पडला. आपांचा नेम म्हणजे दगडावरची रेघ. दुसऱ्या वर्षी पुन्हा चुकला. तेव्हापासून आईच्या मते त्यांचे डोळे गेले होते. वर्षभर तिने त्यांच्या ताटात शेवग्याचा पाला वाढला आणि रोज झोपताना तळपायांना गाईचं तूप चोळलं. माझा भाऊ अनंता पलटणीत होता, तो सीमेवरून पत्रातून विचारत होता की आपांची नजर कशी आहे. मान आज ना उद्या त्याच्याकडे यायचा होता. मान असलेल्या घरातल्या बाईला दसऱ्याला देवीची पहिली ओटी मिळते, ती आईला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मिळत आली होती. आता तिसरा दसरा. या वेळी नारळ हलला नाही, तर ओटीही जाणार आणि अनंताचा मानही जाणार होता. सकाळी उठल्यापासून आई देवासमोर बसूनच होती. मधूनमधून उठून ती आपांचे डोळे बघून यायची, लाल तर झाले नाहीत ना म्हणून.

माझं लग्न ठरलं होतं, कार्तिकात व्हायचं होतं. माहेरातला तो माझा शेवटचा दसरा. म्हणून असेल, पण त्या खोलीचा वास मला अजून जसाच्या तसा आठवतो. खोबरेल, लोखंडाचा कीस, आणि बोळ्यासाठी वाळवून ठेवलेलं नारळाचं सोडण.

मी गज हातात धरून उभी होते तेवढ्यात आपा ओल्या पंचात दारात आले. त्यांनी गज बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"आपा, खूण आत गेली," मी म्हणाले.

"होय."

"गोळी नाय आत. तुमी इसारलास."

"इसरूक नाय." ते आत आले आणि दार ओढून घेतलं. "गेल्या वर्साक पण नव्हती. तेच्या आदल्या वर्साक पण नव्हती."

मला आधी काही कळेचना. मग कळलं आणि राग आला. वर्षभर आई तळपायांना तूप चोळत होती, शेवगा ओरबाडून झाडाचा खराटा झाला होता, आणि आपा ते सगळं गप्प बसून गिळत होते. मी तसं बोलूनही दाखवलं. आपांनी ते ऐकून घेतलं. मग पाण्याने निथळतच ते स्टुलावर बसले.

"तुका दाजीकाका आठवता?" त्यांनी विचारलं.

दाजीकाका कुणाला आठवत नसणार? थोरल्या घरातले, माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. मान मुळात त्यांचा. लागोपाठ तीन दसरे त्यांचा नेम चुकला आणि मान आमच्या घराकडे आला. आजोबांनी त्याच जागी बंदूक भरली आणि पहिल्याच बाराला नारळ खाली पाडला. दाजीकाका मात्र म्हणत राहिले, बंदुकीत गोळीच नव्हती. कोण ऐकणार? नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक तोंडावर म्हणाले. पुढे तर गावात ती म्हणच झाली. कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसून गेला, की लोक म्हणायचे, "गोळीच नव्हती रे!" आणि पोट धरून हसायचे. मीही हसले होते लहानपणी. सातविणीच्या मागे जांभ्याची उंच दरड आहे. चुकलेल्या गोळ्या तिच्यात जातात. दाजीकाका त्या दरडीवर ताजी खूण शोधत फिरायचे. खूण नसली तर गोळी नव्हती हे सिद्ध होईल, असं त्यांना वाटायचं. पण जुन्या खुणा इतक्या होत्या, की नवी नव्हती हे कोण कुणाला पटवणार? उतारवयात त्यांना दुसरं काही सुचेना. बोटांनी दरड खरवडत बसायचे. दिवस कलायला लागला की त्यांचा मुलगा भिकाजी यायचा आणि त्यांना हाताला धरून घरी न्यायचा. दाजीकाका तसेच गेले.

"तेंची तिसरी खेप होती," आपा म्हणाले. "तुझ्या आज्यान बंदूक भरून हंयच ठेवली, खिडकीखाली. आणि तो न्हावूक गेलो. मी उचलली. सवयीन गज टाकलो. आज तुका दिसलां ना, तसांच दिसलां."

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय. गप रवलंय. बापाशीक इचारूचो धीर झालो नाय. होती तशी ठेवली आणि चिंधी बांधली."

माझे आजोबा मला खांद्यावर बसवून आंबे दाखवायचे. त्यांच्या मिशा मी ओढायचे. त्यांनी असं केलं असेल, हे माझ्या मनाला घेववेना. पण आपा खोटं बोलणारा माणूस नव्हता. आजोबा जिवंत होते तोवर ते ओट्यावर बसून नारळ फुटताना बघायचे आणि तोवर आपा नेम धरून नारळ उडवत राहिले. आजोबा गेले आणि त्याच वर्षी त्यांनी गोळी घालणं बंद केलं.

"सांगान टाकूचा," मी म्हणाले. "गावासमोर सांगूचा."

"सांगलंय तर तुझ्या आज्याची राख उकरून काढतले. नाय सांगलंय तर मान जायत नाय. मगे ह्योच एक रस्तो. जसो इलो, तसो जातलो."

"आणि आई? अनंता?"

"अनंताक मान व्हयो तर तेणां नेम धरून मिळवचो. असो नको."

विटकरी रंगाच्या कपड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी तिथेच फळीवर होती. आई मोजून ठेवणारी. पूजेनंतर फळीवर गोळी दिसली, तर तिला कळणारच होतं. मी ती उचलली. ती हातात घेतली की नेहमी वाटायचं, एवढीशी गोष्ट एवढी जड कशी. मी आपांना विचारलं, घालू का? आत्ता घातली तर कुणालाच कळणार नाही, पुन्हा ठासायला किती वेळ लागतो.

आपा उठले. पंचाचा पिळा सोडवत ते म्हणाले, "माका त्या दिवशी कोणी सांगूक नव्हतां. मी तुका सांगूचंय नाय. बंदूक तुझ्या हातात आसा."

आणि ते कपडे बदलायला गेले. बाहेरून आईची दुसरी हाक आली, मग तिसरी. मी त्या खोलीत उभी होते आणि मला दाजीकाकांची बोटं दिसत होती. जांभ्याच्या धुळीने लाल झालेली. लहानपणी आम्ही पोरं त्यांच्यामागून जाऊन ओरडायचो, दाजीकाका, सापडली काय? ते रागवायचे नाहीत. म्हणायचे, नाय बाबानू, सापडत नाय, म्हणजे नव्हतीच ना ती!

मी गोळी परकराच्या ओच्यात खोचली. चिंधी पहिल्यासारखी बांधली आणि बंदूक नेऊन पाटावर ठेवली. आईने तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि इतक्या मनापासून हात जोडले, की मला तिच्याकडे बघवेना.

ऊन उतरायला लागल्यावर सगळा गाव देवळापुढे जमला. ढोल वाजत होते. सातविणीला नारळ लटकत होता आणि वाऱ्याने जरासा फिरत होता. भिकाजीकाका थोरल्या घरच्या माणसांत पुढे उभे होते, हाताची घडी घालून. केस पिकलेले, चेहरा शांत. मान परत मिळायची वेळ आली होती, पण त्यांच्या तोंडावर त्याचा काही आनंद दिसत नव्हता. घरातल्या लोकांना मात्र तो लपवता येत नव्हता.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आपांनी बंदूक घेतली, घोड्याखाली ठिणगीची केप बसवली आणि ते पायरीवर उभे राहिले. मी त्यांचा नेम लहानपणापासून बघत आले होते. पण त्या दिवशी त्यांनी धरला तसा नेम मी पुन्हा कधी बघितला नाही. श्वास सोडून, गाल दस्त्याला लावून, अगदी नीट. खोटा बार काढायचा तरी त्यांना वेडावाकडा काढता येत नव्हता.

बार झाला. धूर पसरला. धूर गेला आणि नारळ होता तिथेच होता.

आई एवढंच म्हणाली, "गेला." आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. कुणीतरी मागून हळूच "गोळीच नव्हती" म्हणालं आणि चारजण खुदखुदले. ते थट्टेने म्हणाले, पण तेच खरं होतं.

आता त्याच जागी थोरल्या घराचा बार व्हायचा होता. पण गरम नळीत दारू ओतायची नसते. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर भरणाऱ्याचा हात जातो. नळी ओल्या फडक्याने पुसायची आणि निवायची वाट बघायची. आपा पायरीवर बसून ते करत होते. फडकं दोनदा गजावरून सुटलं. गाव कुजबुजत होता.

तेवढ्यात भिकाजीकाका गर्दीतून बाहेर पडले. कुणाशी काही न बोलता ते सातविणीखालून मागे गेले आणि दरडीपाशी उभे राहिले.

बाप ज्या दरडीपाशी म्हातारा झाला, तिथे मुलगा उभा होता. नारळाच्या मागची जागा त्यांनी नीट बघितली. वर बघितलं, खाली बघितलं. मग हाताचा तळवा दरडीवर टेकून सावकाश फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. मागच्या पावसाने दरड धुऊन निघाली होती. नवी खूण असती, तर ती लगेच दिसली असती.

मला आपांकडे बघायचा धीर झाला नाही. आता हे वळतील आणि म्हणतील, गोळी नव्हती. त्यांचा हक्कच होता. त्यांच्या बापाला जे कुणी ऐकलं नाही, ते आज सगळ्या गावाला ऐकावं लागणार होतं. आणि एकदा ते बोलून झालं, की या वर्षी गोळी का नव्हती, आणि तेव्हा का नव्हती, ते जोडायला कुणाला वेळ लागला नसता. आजोबा, आपा, अनंता, आमचं सगळं घर त्या एका वाक्यावर उभं होतं.

भिकाजीकाका परत आले. हाताला लागलेली लाल धूळ त्यांनी झटकली नाही. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"गोळी आसा दरडीत. नारळाच्या वयल्या अंगान गेली. बोटभर चुकली."

लोक हळहळले. बोटभर म्हणजे काहीच नाही. नेम अजून आहे वासूचा, डोळ्यांनी दगा दिला, असं कुणीतरी म्हणालं. आईनेसुद्धा मान वर केली.

भिकाजीकाका पायरीशी येऊन वाकले, बंदूक घ्यायला वाकावं तसे. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"वासूदादा," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझो नेम चुकूक नाय."

आपांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरून आले आणि लोकांना वाटलं मान गेल्याचं दुःख. कुणीतरी येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आपांनी बंदूक माझ्याकडे दिली.

"वच्छी भरतली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझे हात आज चलनत नाय."

बाईमाणसाने मानाची बंदूक भरायची म्हणून थोडी चुळबूळ झाली. पण बंदूक धाकट्या घराने भरायची, एवढीच रीत होती, ते घर बाई आहे की बाप्या, असं कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. मी नळीला हात लावून बघितला. निवली होती. आत दारू गेली, बोळा ठासला. मग मी ओच्यातून गोळी काढली. सकाळपासून ती माझ्याजवळच होती, अंगाने कोमट झाली होती. ती मी बोटांत धरली, भिकाजीकाकांना दिसेल अशी, आणि नळीत सोडली. वरून बोळा. मग मी गज घेतला.

"गज कित्याक गो," भिकाजीकाका म्हणाले. "माजो इस्वास आसा तुझ्यावर."

"नाय काका. इस्वास ठेवूचो नाय, गज टाकूचो," मी म्हणाले. "बघा."

मी गज सोडला. खालची खूण नळीच्या तोंडाशी येऊन थांबली, केसभरही पुढे गेली नाही. भिकाजीकाकांनी वाकून बघितली. मग बोट लावून बघितली. दरडीच्या धुळीचं लाल बोट त्या खुणेवर थोडा वेळ राहिलं. त्यांच्या घरच्या कुणी ती खूण कधी बघितलेली नव्हती. दाजीकाकांना ती दाखवायची कुणाला गरज वाटली नव्हती आणि बघायला मागायची दाजीकाकांना गरज वाटली नव्हती. भाऊच भरून देत होता.

त्यांचा बार पहिलाच लागला. नारळ फुटला, पाणी उडालं, ढोल वाजले आणि सगळा गाव आपट्यावर तुटून पडला. त्या गडबडीत मी बघितलं, भिकाजीकाका बंदूक छातीशी धरून पुन्हा दरडीकडे बघत उभे होते.

दिवेलागणीला ते आमच्या घरी आले. दाजीकाकांच्या नंतर थोरल्या घरातलं कुणी आमचा उंबरा चढलं नव्हतं. त्यांनी नारळाची अर्धी वाटी देवासमोर ठेवली, आपांना सोनं दिलं आणि आईच्या पाया पडले. आई ताठच होती, पण पाया पडलेल्याला काय बोलणार? तिने चहा केला. दोघं भाऊ पडवीत बसून भातावरल्या किडीबद्दल बोलत राहिले. निघताना मात्र आपांनी विचारलं, तू तसं का सांगितलंस म्हणून. भिकाजीकाका चपला घालता घालता थांबले.

"माझ्या बापाशीन जा सोसल्यान," ते म्हणाले, "ता तुझ्या बापाशीक देवन माका काय गावतला?"

मानाची बंदूक आमच्याच घरी राहिली आणि पुढची पुष्कळ वर्षं ती आपाच भरत राहिले. दर वेळी भिकाजीकाकांसमोर गज टाकून. ती पुढे रीतच झाली. नव्या पोरांना वाटायचं, ही पूर्वापार चालत आलेली. आईला खरं काय ते कधी कळलं नाही. बोटभर चुकलं म्हणजे डोळे अजून सुधारण्यासारखे आहेत, असं धरून तिने आपांना शेवटपर्यंत शेवगा खाऊ घातला आणि आपांनी तो शेवटपर्यंत मुकाट खाल्ला.

आता त्यातलं कुणी नाही. परवाने संपले, बंदूक सरकारजमा झाली, दसऱ्याला फटाक्यांची माळ लावतात आणि नारळ गुरव हातानेच फोडतो. गज तेवढा माझ्याकडे आहे. त्यावरच्या दोन्ही खुणा हाताला अजून लागतात.

गावाची म्हणही टिकली आहे. भिकाजीकाकांच्या एका वाक्याने ती कायमची पुसली गेली असती. ते वाक्य ते बोलले नाहीत, म्हणून ती राहिली. परवा माझा नातू क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होऊन घरी आला आणि बॅट कोपऱ्यात फेकून म्हणाला, "बॅटीत गोळीच नव्हती!" घरातले सगळे खो खो हसले. त्यांना ते कुठून आलंय ते ठाऊकही नाही.

"नसते रे कधीकधी," मी म्हणाले. "हसण्याआधी गज टाकून बघावा."